गुपचूप डिलीट करू नकोस

अरे,

पावणेबाराला तुझा मेसेज वाचला आणि झोपच उडाली. संस्थेच्या पेजवरच्या पोस्टमध्ये रक्तदान शिबिराची तारीख चुकली, रविवारच्या जागी शनिवार पडला, ते ठीक आहे, माझ्या हातून याहून मोठे घोळ झालेत. खटकलं ते शेवटचं वाक्य. "मॅडम पोस्ट लगेच काढली, आता कोणाला कळणार नाही ना?" अरे, तीन माणसं आज सदाशिव पेठेत बंद दाराशी उभी राहून गेली, त्यांना कळलंय की! रक्त द्यायला येणारा माणूस मागच्या वेळेपासून तीन महिने मोजतो, सकाळी नीट खाऊन निघतो, सुट्टीची झोप मोडतो. त्यातल्या एका काकांनी पेजवर जाब विचारला तर तू ती कमेंट हाइड केलीस. फेसबुकवर हाइड केलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फ्रेंड्सना दिसतच राहते रे, म्हणजे काका अजून तिथेच उत्तराची वाट बघतायत आणि तुला वाटतंय प्रकरण मिटलं.

गुपचूप काही करायचं नाही. एवढं एकच मी तुला शिकवलं असतं तरी पुरे होतं, आणि तेच राहून गेलं, मी आपली तुला रील आणि हॅशटॅग शिकवत बसले.

मी हे का घोकते ते सांगते. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र, पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल, घराघरात पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या तेव्हाच्या संस्थेच्या पेजवर टाकलं की हॉलवर जेवण आणि पांघरुणं मिळतील. दुपारी सगळं सामान दुसरीकडे हलवलं, सचिव म्हणाले काढून टाक ती पोस्ट, मी काढली. झालं. पण पोस्टमधलं चित्र तोवर व्हॉट्सॲपवर फिरायला लागलेलं, कॅप्शनशिवाय, आणि ते काही माझ्या डिलीटने परत येणार नव्हतं. संध्याकाळी गेले तर गेटला कुलूप आणि बाहेर एक बाई, कडेवर पोर, हातात ओली सतरंजी. तिने मोबाईल पुढे केला, "हे बघा, तुम्हीच लिहिलंय." मी एकटी होते, फोनची बॅटरी संपत आलेली, वरून तसाच निरोप होता, हे सगळं खरं आहे आणि मी ते अजून स्वतःला ऐकवत असते. पण "जागा बदलली" असं लाल अक्षरात दुसरं चित्र करायला मला पाच मिनिटं लागली असती. पाच.

आमच्या जुन्या ऑफिसात जिन्यापाशी फळा होता. शिपाईकाका चुकलेली वेळ कधी पुसायचे नाहीत, त्यावर एक आडवी रेघ मारायचे आणि शेजारी बरोबर वेळ लिहायचे. मी एकदा म्हटलं, घाण दिसतं ते. तर म्हणाले, सकाळी वाचून गेलेल्याला कसं कळणार काय बदललं? सोशल मीडियाचा माझा सगळा कोर्स तेवढाच आहे.

तर रेघ मारायला शीक. फेसबुकवर पोस्ट एडिट कर आणि पहिल्याच ओळीत "दुरुस्ती" लिही. इन्स्टावर टाकलेला फोटो बदलता येत नाही, कॅप्शन येतं, म्हणून तिथे कॅप्शन एडिट कर आणि वेगळी स्टोरीही टाक, पण ती चोवीस तासांत जाते हे धरून चाल. एक्सवर एडिट पैसे भरणाऱ्यांनाच आहे, तिथे चुकलेल्या पोस्टखालीच रिप्लाय टाक. आणि तारीख, वार, वेळ, पत्ता चित्राच्या आत लिहायचं, कारण फॉरवर्ड होतं ते चित्र.

डिलीट कधीच करायचं नाही असं नाही. कोणाचा फोन नंबर गेला, किंवा आपल्या वसतिगृहातल्या मुलाचा चेहरा गेला (बालन्याय कायदा २०१५, कलम ७४, अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, वाचून ठेव), तर क्षणाचा विचार न करता काढ. पण काढल्यावर सांग की काढलं. शिवीगाळ उडवायची तर पेजवर आधी नियम लिहून ठेव. आणि खोट्या अकाउंटवरून "किती छान उपक्रम" वगैरे लिहायचं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हण, माझं नाव सांग.

पासवर्डाचंही तेच. पेजचा फुल कंट्रोल तुझ्या एकट्याच्या प्रोफाइलवर ठेवू नकोस, निदान दोघांकडे हवा. एका ठिकाणी ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नंबरवर जायचा, त्याला बिचाऱ्याला वर्षभर फोन करत होतो. ओटीपी नसला तरी लॉगिन करू देणारे बॅकअप कोड कागदावर लिहून ऑफिसच्या कपाटात ठेव आणि कुठे ठेवलेस ते अजून एकाला माहीत असू दे.

सचिव चिडतील म्हणतोस. चिडू देत. माझ्यावरही तेव्हाचे सचिव चिडले होते, त्या पुरानंतर मी चूक पेजवर कबूल केली म्हणून, आणि पुढच्या वर्षी ते काम माझ्याकडून काढूनही घेतलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण माझंच बरोबर होतं.

आता साडेबारा झालेत, शिबिर नऊला आहे. ती कमेंट अनहाइड कर, खाली साधं लिही, "काका, तारीख आमच्याकडून चुकली, तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा, शिबिर रविवारी नऊपासून आहे." "गैरसोयीबद्दल दिलगीर" असलं काही नको. दुरुस्तीचं चित्र आत्ताच टाक. सकाळी आठला काकांना फोन कर, तू स्वतः, सचिवांवर ढकलू नकोस. ते आले तर आधी चहा दे, मग फॉर्म.