लूप समेवर का बसत नाही?

प्रश्न: लग्नाच्या हळदीला मी एकटाच अहिराणी गाणी म्हणतो, सोबत इलेक्ट्रॉनिक हँड पर्कशन पॅड आणि लूप पेडल (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं, पायाने चालवायचं यंत्र). दोन-तीन थर चढले की ठेका लंगडतो, आवाजही गढूळ होतो. काय चुकतंय? (एक वाचक, पारोळा)

उत्तर: बहुतेक वेळा चूक पायाची असते. केरवा मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत असेल तर आठ मात्रांचं आवर्तन ४.८ सेकंदांचं. लूप बंद करायचा तो पुढच्या समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आठवी मात्रा वाजवून झाल्यावर नव्हे. पाय किंचित उशिरा पडला तर तेवढी फट दर आवर्तनात परत येते. पेडलमध्ये क्वांटाइझ (लूपची टोकं आपोआप मात्रेवर बसवणारी सोय) असेल तर चालू करा, पण दादऱ्याला आधी सहा मात्रांचं माप लावा. ४/४ वर, म्हणजे चार मात्रांच्या मापावर, ठेवलंत तर लूप भलतीकडेच तुटेल.

पहिला थर फक्त धा आणि खालचा घुमारा. दुसऱ्यात किनारीचे ठोके. तिसऱ्यात टाळी किंवा खंजिरी, बास. गढूळपणाचं मूळ अनेकदा माइकमध्ये असतं: पॅडचा थर घेताना माइक उघडा राहिला की स्पीकरचा आवाजही त्यात शिरतो. पॅड वायरने थेट पेडलच्या लाइन इनपुटला जोडा, माइक तेवढ्यापुरता बंद.

शेजारी डीजेचा सबवूफर असेल तर पॅड हादऱ्यानेच वाजतो. स्टँडखाली जाड रबर घाला, पॅडचा थ्रेशोल्ड (किती जोराच्या ठोक्याला पॅडने वाजायचं ती मर्यादा) थोडा वाढवा. मे महिन्यात घामासाठी सुती फडकं ठेवा. पावडर नको, फटीत जाते. जनरेटरवर असाल तर छोटा यूपीएस हवाच, नाहीतर वीज झपकली की न साठवलेला लूप गेला.