कोटेशनपेक्षा जादा बिल

प्रश्न : आमच्या पुण्यातील फ्लॅटमधील दोन बाथरूमच्या दुरुस्तीसाठी कंत्राटदाराने २,४०,००० रुपयांचे लेखी कोटेशन दिले होते. अंतिम बिलात वॉटरप्रूफिंगचे २४,०००, राडारोड्याचे ९,००० आणि जादा टाइल्सकामाचे ११,००० रुपये वाढवून, वर १८ टक्के जीएसटी धरून ३,३५,१२० रुपये मागितले आहेत. दोन लाख आम्ही आधीच दिले आहेत. बाकी सर्व द्यावे लागेल का?

उत्तर : संपूर्ण बिल नाकारू नका, प्रत्येक बाब वेगळी तपासा. वॉटरप्रूफिंगबाबत तुमची बाजू थोडी लंगडी आहे. जुनी फरशी काढल्यावर खालचा कोबा भुसभुशीत निघाला आणि नवे काम तुमच्या डोळ्यांदेखत झाले असेल, तर १८७२ च्या करार कायद्यातील कलम ७० नुसार, लेखी संमती नसली तरी, घेतलेल्या लाभाचा वाजवी मोबदला द्यावा लागू शकतो. अर्थात, ते काम मूळ कोटेशनमध्येच धरलेले नाही ना, हे आधी पाहा. राडारोड्याचेही तसेच, ‘तोडफोड वाहतुकीसह’ असे लिहिलेले असल्यास ९,००० रुपये देय नाहीत.

टाइल्सचे माप मात्र स्वतः टेप धरून घ्या. आठ बाय पाचच्या बाथरूमच्या भिंतींवर सात फुटांपर्यंत टाइल्स असतील, तर क्षेत्र १८२ चौरस फूट येते. अडीच बाय सातच्या दाराचे १७.५ चौरस फूट वजा केल्यास १६४.५ उरते. ही वजावट बिलातून ‘विसरली’ जाते, असा अनुभव आहे.

जीएसटीसाठी बिलावर पंधरा अंकाक्षरी क्रमांक हवा. महाराष्ट्रातील नोंदणी असल्यास तो २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला हा कर वसूल करण्याचा अधिकारच नाही. नोंदणी असेल आणि कोटेशनमध्ये ‘कर वेगळा’ असे नमूद असेल, तर कर द्यावा लागेल. पण तोही मान्य रकमेवरच.

काम पूर्ण झाले असल्यास कोटेशनमधील उरलेले ४०,००० रुपये बँकेमार्फत द्या आणि कोणती बाब कोणत्या कारणाने मान्य नाही, हे त्याच दिवशी पत्राने कळवून पोच घ्या. सामोपचाराने मिटले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तोपर्यंत, वादातील रक्कम तुम्हाला मान्य आहे असा अर्थ निघेल अशा कोणत्याही कागदावर सही करू नका.