'मेसेज स्टँडर्ड' ही गुप्त भाषा नव्हे

रत्नागिरीच्या एका वाचकांनी छात्रसैनिकांसाठी मराठी टिपणं काढली आहेत. त्यांत 'टॅक्टिकल मेसेज स्टँडर्ड'ला त्यांनी 'रणनीतिक गुप्त सांकेतिक भाषा' म्हटलंय. चालेल का, असं ते विचारतात.

नाही चालणार. आधी 'गुप्त' काढा. संदेशात कोणती माहिती, कोणत्या क्रमाने आणि किती बिटांत (म्हणजे शून्य-एकच्या किती घरांत) भरायची, हे 'मेसेज स्टँडर्ड'मध्ये ठरवलेलं असतं. निरनिराळ्या देशांच्या, निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांना एकमेकांचं वाचता यावं म्हणूनच तर हा खटाटोप!

जयगडसमोर नांगर टाकून उभं असलेलं मालवाहू जहाज घ्या. त्याचं एआयएस यंत्र, म्हणजे जहाजाची ओळख आणि ठावठिकाणा आपोआप कळवणारं यंत्र, दर ३ मिनिटांनी १६८ बिटांचा संदेश सोडतं. पहिल्या ६ बिटांत संदेशाचा प्रकार. थोडं पुढे ३० बिटांत जहाजाचा नऊ आकडी क्रमांक आणि त्याला लागून ४ बिटांत जहाजाची अवस्था. तिथे १ असेल तर जहाज नांगरलेलं, ० असेल तर इंजिनावर चाललेलं, ७ असेल तर मासेमारीत गुंतलेलं. साधा रिसीव्हर असला तरी किनाऱ्यावरून हे टिपता येतं; लपवलेलं काहीच नाही. मात्र कोष्टक ठाऊक नसेल, तर हाती नुसते शून्य आणि एक.

एआयएस नागरी आहे, पण लष्करी संदेशांची घडण याच जातीची. नाटो देश वापरतात त्या लिंक १६ या लष्करी संदेश-जाळ्यामध्ये जे-मालिकेचे संदेश असतात: जे ३.२ म्हणजे हवेतल्या लक्ष्याचा माग, जे ३.३ म्हणजे समुद्रावरच्या. अमेरिकेच्या मिल-एसटीडी-६०१६ या दस्तऐवजात त्यांचा रकाना न् रकाना ठरलेला आहे. शत्रूला कळू नये म्हणून हे संदेश कूटबद्धही करतात, पण ते काम निराळं. म्हणून रकाने ठरवून संदेश भरण्याला मी 'संकेतन' आणि तो कूटबद्ध करण्याला 'कूटलेखन' म्हणेन. टिपणांत हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवा. विद्यार्थ्यांचा निम्मा गोंधळ इथेच होतो.

आता 'स्टँडर्ड'. 'प्रमाण वेळ', 'प्रमाणभाषा' हे आपल्या अंगवळणी पडलेले शब्द, त्यामुळे 'प्रमाण'कडे माझाही ओढा आहे. पण 'संदेशांचं प्रमाण वाढलं' म्हटलं की संदेशांची संख्याच डोळ्यांपुढे येते आणि 'प्रमाणित संदेश' म्हणजे कोणीतरी शिक्का मारलेला. इथे 'संदेश-मानक' बरं.

'रणनीतिक' नको, तो अर्थ 'स्ट्रॅटेजिक'कडे झुकतो. टॅक्टिक्स म्हणजे डावपेच हे खरं, पण 'डावपेची' माणसाला लावतात तेव्हा कपटाचा वास येतो. मी सरळ 'रणांगणावरील संदेश-मानक' लिहीन.

आणि 'लिंक १६' तसंच राहू द्या. ते विशेषनाम आहे. 'दुवा १६' केलंत तर शोधणाऱ्याला पुढे काहीच सापडणार नाही.