जुना आय७ घ्यावा की नवा आय३?

प्रश्न : सांगलीत माझा डीटीपी आणि फ्लेक्स डिझाइनचा छोटा व्यवसाय आहे. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप दिवसभर चालू असतात, शिवाय जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहारही त्याच संगणकावर होतात. संगणक बदलायचा आहे. दुकानदाराने दोन पर्याय दिले आहेत. एक, इंटेल कोअर आय७-४७९० असलेला रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला) संगणक, १६ जीबी रॅमसह. दुसरा, कोअर आय३-१२१०० असलेला नवा संगणक, ८ जीबीच्या एका स्टिकसह. नव्याची किंमत जवळजवळ दुप्पट आहे. दोन्ही प्रोसेसरांत चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, गिगाहर्ट्‌झही सारखेच दिसतात. मग आय७ सोडून आय३ साठी जास्त पैसे का मोजावेत?

– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण दिलेली माहिती अचूक आहे, आणि म्हणूनच ही तुलना बोलकी ठरते. आय३, आय५, आय७ ही नावे एकाच पिढीतील प्रोसेसरांची उतरंड सांगतात. दोन वेगवेगळ्या पिढ्यांतील प्रोसेसर त्या नावांवरून तोलता येत नाहीत. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. ४७९० मधील पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, जी या प्रोसेसरच्या रूपात २०१४ मध्ये बाजारात आली. १२१०० मधील १२ म्हणजे बारावी पिढी, आणि हा प्रोसेसर २०२२ च्या आरंभीचा आहे. रिफर्बिश्ड संगणकांच्या जाहिरातींत ‘आय७’ मोठ्या अक्षरांत आणि पुढचा क्रमांक बारीक अक्षरांत, किंवा अजिबात न छापण्याची पद्धत पडली आहे. ग्राहकाची त्यात सरळसरळ दिशाभूल होते.

आता वेगाकडे वळू. आय७-४७९० चा मूळ वेग ३.६ आणि कमाल वेग ४.० गिगाहर्ट्‌झ आहे. आय३-१२१०० चे हेच आकडे ३.३ आणि ४.३ आहेत. कागदावर फरक किरकोळ वाटतो. परंतु गिगाहर्ट्‌झ हा आकडा प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला किती ठोके देते एवढेच सांगतो. प्रत्येक ठोक्यात किती काम उरकते हे त्यावरून कळत नाही. जुन्या प्रोसेसरचा कोअर एका ठोक्यात प्रोग्राममधील सर्वसाधारणपणे चार सूचना उलगडू शकतो, तर नव्याचा सहा. त्याहून महत्त्वाचे असे की, एखादी सूचना रॅममधून माहिती येण्याची वाट पाहत अडकून पडली असताना तिच्या पुढच्या किती सूचना प्रोसेसर हाती घेऊन ठेवू शकतो, याची मर्यादा जुन्यात १९२ होती आणि नव्यात ती ५१२ आहे. प्रत्येक कोअरजवळची दुसऱ्या पातळीची कॅश (प्रोसेसरमधील छोटी, अतिवेगवान साठवण) २५६ केबीवरून सव्वा एमबीवर गेली आहे आणि सर्व कोअरांची सामाईक कॅश ८ एमबीवरून १२ एमबीवर. परिणामी, पासमार्क या सर्वपरिचित चाचणीत एकाच थ्रेडवर जुना प्रोसेसर सव्वादोन हजार गुणांच्या आसपास राहतो, तर नवा साडेतीन हजारांच्या जवळ जातो. सर्व थ्रेड कामाला लावले तर नव्याचे गुण जुन्याच्या जवळजवळ दुप्पट भरतात. कोरलड्रॉसारख्या प्रोग्राममध्ये वस्तू सरकवणे, इफेक्ट देणे, पडदा पुन्हा रंगवणे ही कामे बहुतांशी एका वेळी एकाच कोअरवर चालतात, त्यामुळे आपल्यासाठी पहिला आकडा अधिक मोलाचा आहे.

आपल्या कामात रॅमच्या आकाराला आणि वेगालाही फार महत्त्व आहे, आणि याच ठिकाणी दुकानदाराच्या प्रस्तावात एक गंभीर उणीव आहे. वीस फूट बाय दहा फुटांचा फ्लेक्स १०० डीपीआयला (इंचाला १०० ठिपके) करायचा आहे असे समजा. म्हणजे २४० इंच गुणिले १२० इंच, अर्थात २४,००० गुणिले १२,००० पिक्सेल, एकूण २८ कोटी ८० लाख. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात, तेव्हा एकच थर ११५ कोटी २० लाख बाइटांचा, म्हणजे सुमारे १.१५ जीबीचा झाला. त्यावर मान्यवरांचे फोटो, सावल्या, मजकूर असे थर चढत गेले की ८ जीबी रॅम लवकरच अपुरी पडते, फोटोशॉप डिस्कचा आधार घेऊ लागते आणि मग प्रोसेसर कितीही चांगला असला तरी आपल्याला ताटकळावे लागते. शिवाय एवढी मोठी फाइल ८ किंवा १२ एमबीच्या कॅशमध्ये मावण्याचा प्रश्नच नाही. ती सतत रॅममधून ये-जा करणार. आय७-४७९० डीडीआर३-१६०० रॅम वापरतो आणि दोन स्टिक लावल्यास तिची वहनक्षमता सेकंदाला २५.६ जीबी होते. आय३-१२१०० डीडीआर४-३२०० वापरतो आणि दोन स्टिकवर ही क्षमता ५१.२ जीबी होते. मात्र एकच स्टिक लावली तर दुसरा चॅनल (रॅमकडे जाणारी दुसरी वाट) रिकामा राहतो आणि ही क्षमता निम्म्यावर, म्हणजे पुन्हा २५.६ वर येते. थोडक्यात, ८ जीबीच्या एका स्टिकसह घेतलेला नवा संगणक रॅमच्या वेगाच्या बाबतीत दोन स्टिकच्या जुन्याची केवळ बरोबरी करील. तेव्हा ८ जीबीच्या दोन स्टिक लावून द्या, असे दुकानदाराला आग्रहाने सांगा. १६ जीबीची एक स्टिक घेऊन हा हेतू साध्य होत नाही.

विजेचा मुद्दा आपण विचारलेला नाही आणि तो फारसा निर्णायकही नाही. जुन्या प्रोसेसरचे ८४ वॉट आणि नव्याचे ६० वॉट हे आकडे पूर्ण ताणाच्या वेळच्या उष्णतेचा अंदाज देतात, महिन्याच्या बिलाचा नव्हे.

निर्णायक मुद्दा सुरक्षिततेचा आहे. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अद्यतने मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ साठी इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे डेस्कटॉप प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, अधिकृतरीत्या पात्र नाहीत. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे पुष्कळ आहेत; परंतु ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर अशी तडजोड करू नये असे मी कळकळीने सांगेन. त्यात जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या, गुप्त माहिती चोरण्याची वाट मोकळी करणाऱ्या प्रोसेसरमधील त्रुटींची भर पडते. चौथ्या पिढीत मेल्टडाउनवरचा उपाय सॉफ्टवेअरमधून करावा लागतो आणि त्यामुळे काही कामांचा वेग घटतो. बाराव्या पिढीत तो उपाय प्रोसेसरच्या रचनेतच आहे.

तरीही आपल्याला स्वतः पडताळून पाहायचे असेल, आणि पाहावेच, तर आपली सर्वांत जड फ्लेक्सची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. ती आधी एसएसडीवर उतरवून घ्या, दोन्ही संगणकांवर कोरलड्रॉची एकच आवृत्ती असल्याची खात्री करा आणि पीडीएफ काढायला लागणारा वेळ मोबाइलवर मोजा. पहिली फेरी सोडून द्या, पुढच्या तीन फेऱ्यांची सरासरी घ्या. जुन्या संगणकावर दहा मिनिटे ताण देऊन टास्क मॅनेजरमध्ये वेग पाहा, तो ३.६ गिगाहर्ट्‌झच्या खाली घसरत असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळली आहे किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) धुळीने भरला आहे, असे समजायला हरकत नाही.

माझा सल्ला आय३-१२१०० घेण्याचा आहे, दोन स्टिकसह. एवढे पैसे आत्ता शक्य नसतील, तर रिफर्बिश्ड संगणकच घ्या, पण आठव्या पिढीचा. उदाहरणार्थ कोअर आय५-८५०० मध्ये सहा कोअर आहेत, तो डीडीआर४ रॅम वापरतो आणि विंडोज ११ साठी पात्र आहे.

प्रश्न : मुलाला अभियांत्रिकीसाठी संगणक जुळवून घ्यायचा आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६०० आणि ५६००जी या प्रोसेसरांच्या नावांत एका अक्षराचा फरक आहे. ग्राफिक्स कार्ड सध्या घेणार नाही. यांपैकी कोणता निवडावा?

– एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : कार्ड घेणार नसाल तर ५६००जी हाच पर्याय उरतो, कारण ५६०० मध्ये ग्राफिक्सची अंतर्गत सोय नाही आणि कार्डाशिवाय मॉनिटरवर चित्रच येणार नाही. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड आणि कमाल ४.४ गिगाहर्ट्‌झ वेग आहे, दोन्हींची अंतर्गत रचनाही झेन ३ याच कुळातील आहे. फरक असा की ५६०० मध्ये तिसऱ्या पातळीची कॅश ३२ एमबी आहे आणि ५६००जी मध्ये १६ एमबी, तसेच ५६०० पीसीआय एक्स्प्रेस (कार्डाला प्रोसेसरशी जोडणारा मार्ग) ४.० देतो, तर ५६००जी ३.० वर थांबतो. प्रोग्रामिंग आणि अभ्यासक्रमातील नेहमीच्या कामात हे जाणवणार नाही. पुढे चांगले कार्ड लावून गेम खेळल्यास मात्र ५६०० पुढे राहील. पुढे कार्ड घ्याल तेव्हा आरएक्स ६५०० एक्सटीसारखे या मार्गाच्या चारच लेनवर (मार्गिकांवर) चालणारे कार्ड टाळा, कारण ३.० वर त्याला मिळणारी वाट अर्धी होते. अंतर्गत ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच जागा आणि वहनक्षमता घेत असल्यामुळे इथेही रॅमच्या दोन सारख्या स्टिकच घ्याव्यात.