घरच्या घरी जिम्नॅस्टिक्सची ताकद : आधी टांगायची जागा, मग साहित्य

प्रश्न : मी पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो. जिम्नॅस्टिक्सच्या पद्धतीने घरीच ताकद कमवावी असे ठरवले आहे, पण साहित्याची यादी आणि खर्च दोन्ही वाढतच चालले आहेत. सुरुवातीला नेमके काय घ्यावे?

उत्तर : रिंग्जची, म्हणजे पट्ट्यांनी टांगायच्या गोल लाकडी कड्यांची एक जोडी, त्यांचे बकल असलेले पट्टे आणि पाठीला फरशी टोचणार नाही एवढी चटई. पहिल्या काही महिन्यांत याहून अधिक काही लागत नाही. पट्ट्यांनी रिंग्जची उंची हवी तशी बदलता येते, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. त्या कमरेच्या उंचीवर बांधून, टाचा जमिनीवर टेकवून आणि अंग ताठ ठेवून स्वतःला वर ओढू लागलात, की ज्याला एकही पुल-अप जमत नाही त्याचाही व्यायाम सुरू होतो, आणि पाय जितके पुढे सरकवाल तितका तो कठीण होत जातो. त्याच रिंग्ज गुडघ्याच्या उंचीवर आणल्या की जोर मारता येतात आणि डोक्यावर नेल्या की पुल-अप.

स्पर्धेतील रिंगची जाडी २८ मिलिमीटर आणि आतला व्यास १८ सेंटिमीटर असतो. बाजारात ३२ मिलिमीटरच्याही मिळतात, पण तळवा लहान असेल तर २८चीच घ्यावी. पायांसाठी आणि पोटासाठी वेगळे काही घेऊ नका. एका पायावरच्या बैठका आणि पाठीवर झोपून हातपाय उचलून धरणे पुष्कळ झाले.

पहिले उद्दिष्ट पुल-अपचे नव्हे, तर कोपर सरळ ठेवून रिंग्जवर अंग तोलून धरण्याचे असावे. प्रारंभी रिंग्ज थरथरतात, बाहेर पळू पाहतात आणि पट्टे हाताला घासतात; पट्ट्यांवर हात टेकून मिळणारा आधार ही पळवाट आहे, ती सवय लागू देऊ नका. सरळ कोपरांचे व्यायाम मात्र सावकाश वाढवावेत, कारण स्नायू लवकर बळकट होतात, पण त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. कोपराची बहुतेक दुखणी या घाईतूनच येतात.

प्रश्न : आमचे डिचोलीतील घर जुने, चिऱ्यांचे आणि कौलारू आहे. रिंग्ज कुठे टांगाव्यात?

उत्तर : खरे तर साहित्य मागवण्यापूर्वी विचारायचा प्रश्न हाच. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. त्यात ठोकलेला बोल्ट पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण रोजच्या हिसक्यांनी भोक रुंदावते आणि बोल्ट हलू लागतो. वासे आणि रिपा कौलांचे वजन पेलण्यासाठी असतात, माणसाचे नव्हे. दोन्ही टोकांनी भिंतीवर भक्कम बसलेली जाड तुळई असेल, तर तिला भोक न पाडता पट्टे सरळ तिच्याभोवती गुंडाळावेत. तत्पूर्वी तुळई सगळीकडे ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला किंवा स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सहज आत गेले, तर आत वाळवी आहे असे समजून तो नाद सोडावा. शंका असेल तिथे जुन्या घरांची कामे केलेल्या सुताराला दाखवावे.

परसात आंबा किंवा फणस असेल, तर त्याची मांडीएवढी जाड, जिवंत आणि आडवी फांदी उत्तम. शेवग्याच्या फांदीला चुकूनही लटकू नका, ती न सांगता मोडते. पट्ट्याखाली गोणपाट गुंडाळले की साल सोलली जात नाही. आंब्यावर तांबड्या मुंग्यांची घरटी नाहीत ना, हेही बघा. हात मोकळे नसताना त्या चावल्या तर काय होते ते गोवेकरांना सांगायला नको.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आरसीसी बीममध्ये अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये फुगून घट्ट बसणारे बोल्ट बसवून घ्यावेत आणि दोन्हींत सुमारे ५० सेंटिमीटर अंतर ठेवावे. पंख्याचा हुक आणि पीओपीचे छत यांच्या वाटेला जाऊ नये. जागा कोणतीही असो, आधी पाय जमिनीवर ठेवून अर्धे वजन टाकावे, मगच पूर्ण लटकावे.

प्रश्न : दाराच्या चौकटीत बसणारा बार चालेल का? (मडगाव)

उत्तर : साध्या लटकण्यापुरता, तोही चौकट मजबूत असेल तर. वरच्या पट्टीला अडकणारे बार आपल्याकडच्या भिंतीशी सपाट असलेल्या चौकटींवर नीट बसतच नाहीत, आणि पिळून घट्ट करायचे बार केवळ घर्षणावर टिकतात. रिंग्ज त्यांना अडकवू नका.

प्रश्न : वास्कोला समुद्राजवळ राहतो. पावसाळ्यात रिंग्जवर बुरशी येते आणि हात घसरतात.

उत्तर : बुरशी कोरड्या फडक्याने पुसून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. व्हार्निश लावू नये, त्याने पकड जाते. हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर लावावी, ती घाम शोषते. अंगाला लावायची टाल्कम पावडर मात्र हात आणखी निसटवते. खाऱ्या हवेत बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण त्यातील मॉलिब्डेनममुळे ते ३०४पेक्षा अधिक काळ गंजापासून वाचतात. नायलॉनचे पट्टे उन्हात विरतात, म्हणून व्यायाम झाला की ते उतरवून घरात ठेवावेत.

प्रश्न : माझे वय ५२ आहे. जोर मारताना मनगटे दुखतात. जाड गादी घेऊ का? (फोंडा)

उत्तर : गादीने त्रास वाढेल, तळवा रुतला की मनगट अधिकच मागे वळते. त्यापेक्षा पॅरलेट्स, म्हणजे जमिनीलगतचे दोन आखूड दांडे वापरावेत. त्यांवर मूठ वळते आणि मनगट सरळ राहते. सव्वा इंची पीव्हीसी पाइप, टी, एल्बो आणि टोप्या घेऊन ते घरीही करता येतात. सांध्यांना सोल्व्हंट सिमेंट लावायला विसरू नका. विश्रांतीच्या वेळीही दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हापासून माझ्या मुलीला जिम्नॅस्टिक्सचे वेड आहे. ती आता नऊ वर्षांची आहे. तिला घरी रिंग्ज लावून द्याव्यात का? (साखळी)

उत्तर : स्पर्धेत रिंग्ज हा फक्त पुरुषांचा प्रकार आहे, मुलींसाठी व्हॉल्ट (टेबलावरून उडी), अनइव्हन बार्स (कमी-जास्त उंचीचे दोन दांडे), बॅलन्स बीम (तोल सांभाळायची अरुंद पट्टी) आणि फ्लोअर (जमिनीवरील कसरती) असे चार प्रकार असतात. तरीही लटकण्याने हाताची पकड आणि खांदे तयार होतात, म्हणून रिंग्ज द्यायला हरकत नाही. त्या तिचे पाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीवर बांधाव्यात आणि मोठे माणूस जवळ असताना वापरू द्याव्यात. कोलांट्या आणि उलट्या उड्या मात्र प्रशिक्षकाच्या हाताखालीच. चटई कितीही जाड असली तरी घरी नकोत. तिचा सराव संपला की रिंग्ज काढून वर ठेवा, नाहीतर शेजारची मुले झोके घेतील.