क्लेम करू की खिशातून भरू?

वाचकांचे प्रश्न : दुचाकी आणि विमा

माझी १२५ सीसीची मोटारसायकल तीन वर्षे चार महिन्यांची आहे. उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर आणला होता, त्यावरून घसरलो. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडी उजव्या अंगावर आपटली. शोरूमनं ६,१०० रुपयांचं इस्टिमेट दिलंय. आजपर्यंत एकही क्लेम नाही. जो तो सांगतोय, 'एवढ्याशासाठी क्लेम करून बोनस घालवू नकोस.' काय करावं?
– एक वाचक, पलूस

सहा हजारांचा आकडा आधी बाजूला ठेवा. कंपनी तेवढे देणार नाही, आणि बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) लोक घाबरवतात तेवढा जात नाही. कंपनीकडून हातात किती येतील आणि पुढच्या हप्त्यांत किती जादा भरावे लागतील, हे दोनच आकडे काढायचे.

इस्टिमेटमधली ओळ न ओळ बघा. तुमच्या कागदावर हेडलाइटचा व्हायझर, इंडिकेटर आणि आरसा मिळून १,७५० रुपये आहेत. हे प्लॅस्टिकमध्ये धरले जातात आणि प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी निम्मी घट (भाग जुना झाल्याची वजावट, म्हणजे डेप्रिसिएशन) कापतात. म्हणजे मिळाले ८७५. हँडल, ब्रेक लिव्हर आणि फुटरेस्ट हे धातूचे भाग १,४०० रुपयांचे. धातूची घट वयावर असते : सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, आणि पुढे दहा वर्षांपर्यंत ४०. तुमच्या गाडीला २५ टक्के लागतात, म्हणून मिळाले १,०५०. टाकीच्या रंगाचं एकत्र बिल १,२०० आहे. अशा बिलात चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि फक्त त्याच्या निम्मे कापतात. म्हणजे दीडशे गेले, १,०५० मिळाले. मजुरीचे ९०० पूर्ण. राहिला ८५० रुपयांचा लेगगार्ड. तो तुम्ही बाहेरून बसवलेला आहे आणि पॉलिसीत अॅक्सेसरी म्हणून लिहिलेला नाही, त्यामुळे त्याचं काही मिळणार नाही. बेरीज ३,८७५. त्यातून दुचाकीला सक्तीनं स्वतः सोसायचे १०० रुपये वजा केले की ३,७७५ राहतात. 'झिरो डेप' (ही घट न कापणारी पुरवणी) घेतलं असतं तर हाच आकडा ५,१५० झाला असता.

आता बोनस. तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो; थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या हप्त्याशी त्याचा संबंध नाही. पायऱ्या अशा : एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. क्लेम केला की थेट शून्यावर येतो आणि तिथून पुन्हा एकेक पायरी चढायची. तुमच्या चालू पॉलिसीत ३५ आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या वेळी ४५ मिळतील आणि नंतर ५० वर थांबतील. केला तर ०, २०, २५, ३५, ४५ असे मिळतील. दर वर्षीचा फरक मांडा : ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२०. म्हणजे पाच वर्षांत मिळून ओन डॅमेजच्या एका वर्षाच्या मूळ हप्त्याच्या १२० टक्के जादा जाणार, बस.

पॉलिसीच्या कागदावर 'बेसिक ओडी' ही ओळ शोधा. बोनस वजा होण्यापूर्वीचा आकडा घ्यायचा. तुमच्या कागदावर तो १,१०० आहे. त्याचे १२० टक्के १,३२०, वर १८ टक्के जीएसटी धरून साधारण १,५६०. तेही पाच वर्षांत विभागून; आणि गाडीची आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली किंमत) दर वर्षी उतरते तसा मूळ हप्ताही खाली येतो, म्हणजे प्रत्यक्षात थोडे कमीच. क्लेम झालेल्या गाडीला कंपनी मूळ हप्त्यावरची सूट देताना हात आखडता घेऊ शकते, त्यासाठी वाटल्यास चार-पाचशे वर धरा. तरीही ३,७७५ मधून हे सगळं वजा जाता दीड हजारावर रक्कम तुमच्याकडे उरते. क्लेम करा.

मात्र हाच हिशेब फक्त व्हायझर आणि इंडिकेटरचा, म्हणजे १,४३० रुपयांचा असता, तर हातात ६१५ पडले असते. त्यासाठी शोरूमच्या दोन खेपा आणि बोनस, दोन्ही घालवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

इतरांना आपला आकडा काढायचा असेल तर : चालू पॉलिसीत बोनस नसेल (पहिलंच वर्ष) तर एकूण नुकसान मूळ हप्त्याच्या ५० टक्के, २० असेल तर ८० टक्के, २५ असेल तर १०५, ३५ ला १२०, ४५ किंवा ५० असेल तर १२५. यापुढे ते जातच नाही. बोनसची ही भीती चारचाकीवाल्यांकडून दुचाकीवाल्यांनी उचलली आहे. तिकडे मूळ हप्ताच आठ-दहा हजारांचा असतो, त्यामुळे त्यांची भीती रास्त असते. आणि क्लेम न करताही बोनस घालवणारे आहेतच : पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो आपोआप जातो.

क्लेम देण्याआधी एक काम करा. पुढचा भाग नीट तपासून घ्या, कारण हँडल वाकलं असेल तर शॉकअपच्या पाइपलाही मार बसलेला असू शकतो. गाडी मेनस्टँडवर घ्या आणि पुढचं चाक सरळ धरून समोरून बघा : हँडल तिरकं दिसतंय का, हँडल लॉक पूर्वीसारखं बसतंय का. पुढचा ब्रेक दाबून गाडी चार-पाच वेळा खाली दाबा आणि सीलपाशी तेलाची रेघ येते का ते पाहा. हँडल एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश फिरवताना मध्येच अडकलं तर कोनसेटला (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला) मार लागलाय. वाकलेला पाइप प्रेसवर सरळ करून घेऊ नका. त्याच्या क्रोमला बारीक तडे जातात, ते सील कापतात आणि दोन महिन्यांत तेल गळू लागतं. शोरूमला तो बदलायच्या इस्टिमेटमध्ये घ्यायला सांगा. मंजुरी येऊन गाडी बाहेर पडल्यावर सापडलेल्या नुकसानीचे पैसे मिळवणं फार अवघड जातं. गाडी खोलल्यावर काही नवीन निघालं तर काम तिथंच थांबवून पुरवणी इस्टिमेट पाठवता येतं.

आणि हेल्मेट आपटलं असेल तर ते बदला. त्याचे पैसे कंपनी देत नाही, पण आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा तसाच काम करत नाही.

मिरजेत सिग्नलला माझी गाडी पुढच्या रिक्षाला मागून लागली. रिक्षाचा मागचा दिवा फुटला, पत्र्याला पोचा आला. रिक्षावाले तीन हजार मागत आहेत. माझा विमा आहे. पैसे द्यायचे की कंपनीकडे पाठवायचे?
– एक वाचक, मिरज

कुणाला लागलं नसेल तर बसून भाव करा. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान दुचाकीच्या थर्ड पार्टी विम्यात एक लाखापर्यंत येतं, पण त्यासाठी रिक्षावाल्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागेल. दिवा आणि पोच्यासाठी तिथं कोण जाणार? ते स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम करू शकतात, पण मग त्यांचा बोनस जातो. म्हणून ते रोख मागतात, आणि त्यात गैर काही नाही. दिव्याचा भाव स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा, पोचा काढणाऱ्याचा दर विचारा आणि तेवढेच द्या. पैसे दिल्याची पावती घ्या. मात्र 'चूक माझी होती' असं कुठंही लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि भरपाई द्यायची नाही, ही पॉलिसीची अट आहे. त्यामुळे हे दिलेले पैसे पुढे कंपनीकडून मागता येणार नाहीत.

कुणाला लागलं असेल, मग ते साधं खरचटणं का असेना, तर पैशांवर मिटवू नका. आधी दवाखान्यात न्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं असतं. कंपनीलाही कळवा. चार दिवसांनी गुडघा सुजला आणि एक्स-रेमध्ये हाड दुखावलेलं निघालं, तर तुमच्याकडे कागद म्हणून काहीच नसेल. थर्ड पार्टीच्या दाव्यानं तुमच्या बोनसला धक्का लागत नाही, तेव्हा त्या भीतीनं लपवू नका.

दोन महिन्यांपूर्वी जुनी गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर झाली, पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर आहे. आता पडलो. क्लेम मिळेल?
– एक वाचक, तासगाव

तुमच्या गाडीच्या नुकसानीचा मिळणार नाही. गाडी विकली की थर्ड पार्टीचा विमा नव्या मालकाकडे जातो, पण ओन डॅमेज आपोआप जात नाही. १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाचा बोनसही गाडीबरोबर येत नाही, तो माणसाबरोबर राहतो. त्यांनी कंपनीकडून पत्र घेतलं तर तीन वर्षांपर्यंत त्यांच्या नव्या गाडीला वापरता येतो. नावावर करताना बोनसच्या फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल. ही दुरुस्ती खिशातून करा आणि पॉलिसी आजच नावावर करून घ्या.

भाच्याकडे विनागियरचं पक्कं लायसन्स आहे. तो माझी गियरची गाडी घेऊन गेला आणि कठड्याला धडकला. क्लेम माझ्या नावानं, म्हणजे 'मी चालवत होतो' असा द्यावा का?
– एक वाचक, विटा

देऊ नका. विनागियरच्या लायसन्सवर गियरची मोटारसायकल चालवता येत नाही, त्यामुळे खरं सांगितलं तर क्लेम नाकारला जाईल. खोटं सांगून पकडलात तर नुसता क्लेम जाण्यावर भागत नाही, ती फसवणूक ठरते. सीसीटीव्ही, दवाखान्याचा केसपेपर, मोबाइलवरचे फोटो यांतून चालक कोण हे चटकन कळतं. लर्निंग लायसन्सची गोष्ट वेगळी आहे. त्या प्रकारच्या गाडीचं लर्निंग असेल, 'एल' लावलेला असेल आणि नियम पाळले असतील तर क्लेम चालतो.

या पॉलिसीत जूनमध्ये एक क्लेम झालाय. आता पुन्हा किरकोळ पडलो. दुसरा केला तर?
– एक वाचक, कवठेमहांकाळ

जायचा बोनस जूनमध्येच गेला. त्याच पॉलिसी-वर्षात दुसऱ्या क्लेमनं तो आणखी जाणार नाही, तेव्हा हातात बाराशे-पंधराशे पडत असले तरी करायला हरकत नाही. झिरो डेप असेल तर त्याखाली वर्षाला किती क्लेम चालतात हे कागदावर पाहा. बऱ्याच पॉलिसींत दोनच असतात. जूनमध्ये मंजूर होऊनही बदलला नसेल असा भाग आता पुन्हा क्लेममध्ये लावू नका. जुने फोटो कंपनीकडे असतात.

गाडी उजवीकडे पडली. सर्व्हेअरनं (नुकसान तपासायला कंपनी पाठवते तो) डावा इंडिकेटर आणि टाकीचा पोचा 'अपघाताशी संबंध नाही' म्हणून कापला. आमचा मेकॅनिक गावातलाच आहे, शोरूम नाही. त्यामुळं असं झालं का?
– एक वाचक, आटपाडी

मेकॅनिकमुळे नाही. गावातल्या गॅरेजमध्ये काम करून घेता येतं. फक्त कॅशलेस मिळत नाही, आधी पैसे भरून नंतर घ्यावे लागतात. पाहणी आणि मंजुरीआधी गाडी खोलायची नाही, सुट्या भागांची जीएसटीची पक्की बिलं घ्यायची आणि काढलेले जुने भाग क्लेम मिटेपर्यंत पोत्यात बांधून ठेवायचे.

कापलं ते फोटो अपुरे पडल्यामुळे असावं. गाडी उजवीकडे पडताना हँडल झटक्यात फिरतं आणि त्याचा स्विच किंवा लिव्हरची क्लँप टाकीवर आदळते, त्यामुळे टाकीचा पोचा पटण्याजोगा आहे. हँडल पूर्ण वळवून, स्विच पोच्यावर टेकलेला दिसेल असा एक फोटो काढा आणि फेरविचाराच्या ईमेलला जोडा. डाव्या इंडिकेटरचं मात्र अवघड आहे. गाडी घसरत जाऊन दगडाला लागली असेल आणि तसं क्लेम फॉर्मवर लिहिलं असेल तरच तो बसतो. पुढच्या वेळी गाडी उचलून कडेला घेतल्यावर लगेच चारही बाजूंनी फोटो घ्या, एकात तरी नंबरप्लेट आणि मार एकत्र दिसू द्या, आणि रस्त्यावरचा चिखल किंवा खड्डाही त्यात येऊ द्या.

कंपनीकडे असेसमेंट शीट मागा, कुठल्या ओळीत किती कापलं ते त्यात असतं. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल आहे आणि पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय आहे. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. टाकीच्या पोच्यासाठी एक ईमेल जरूर करा. इंडिकेटरच्या दीडशे रुपयांसाठी लोकपालांपर्यंत जायचं की नाही, ते तुमच्या सवडीवर.