इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं 'छायाचित्र'

प्रश्न असा: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात प्रकाश वापरतच नाहीत, मग त्यातून मिळालेल्या चित्राला 'छायाचित्र' म्हणणं चूक नाही का?

शब्द फोडून पाहू. प्रकाश आहे तो 'फोटो'त. मराठी शब्दात आहे छाया. त्यामुळे हा आक्षेप 'फोटो'ला लागतो, 'छायाचित्रा'ला लागत नाही.

आणि छाया तिथे खरोखरच पडते. १९३१ साली बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी उभारलेलं पहिलं यंत्र होतं ते इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यातून आरपार सोडणारं. या जातीला प्रयोगशाळेत 'टेम' (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) म्हणतात. पेशीचा काप जेमतेम ५० ते १०० नॅनोमीटर जाडीचा घ्यायचा, त्याला ऑस्मियम, शिसं असल्या जड धातूंची संयुगं लावायची आणि त्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा. धातू जिथे जास्त धरला तिथले इलेक्ट्रॉन विखुरतात, खाली पोचत नाहीत, आणि तेवढी जागा काळी उमटते. पेशीपटल म्हणून आपण जी काळी रेघ पाहतो, ती त्या धातूची सावली! इथे 'छायाचित्र' इतका चपखल बसतो की तो बदलायचं माझ्या तरी जिवावर येईल.

'सेम'चं, म्हणजे स्कॅनिंग प्रकाराचं, तसं नाही. तिथे झोत पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरतो, प्रत्येक ठिपक्यातून उसळलेले इलेक्ट्रॉन टिपले जातात आणि त्यावरून चित्र रचलं जातं. परागकणांवरचे काटे दाखवणारी ती उठावदार चित्रं बहुधा सेमचीच. त्यांना 'प्रतिमा' म्हणावं.

दोन्हींना मिळून एकच शब्द हवा असेल तर मी 'सूक्ष्मचित्र' वापरतो. 'चित्र कुठे सूक्ष्म आहे, ते तर पानभर छापलंय' असं कुणी म्हणेल. पण समास 'सूक्ष्म असे चित्र' असा सोडवायचा नाही, 'सूक्ष्माचे चित्र' असा सोडवायचा. 'सूक्ष्मदर्शक' आपण असाच सोडवतो; यंत्र खोलीभर असलं तरी कुणाला खटकत नाही.

'रंगीत छायाचित्र' मात्र टाळाच. इलेक्ट्रॉन रंगाची माहिती आणत नाहीत. मूळ चित्र करड्या छटांचं असतं आणि रंग मागाहून भरतात. म्हणून चित्राखाली 'रंगवलेलं सूक्ष्मचित्र' असं लिहावं.